पुरातन दुनळी बंदूक : ओळख व मूल्यांकन

बिजागरीवर मोडून मागील बाजूने काडतूस भरण्याची दुनळी बंदूक एकोणिसाव्या शतकात युरोपात विकसित झाली. फ्रेंच कारागीर कासिमिर लफोशो याच्या अशा बंदुका १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात मांडल्या गेल्यावर ब्रिटिश कारागिरांनी हा प्रकार उचलला. बाहेरून दिसणारे घोडे हे साधारणतः जुन्या घडणीचे लक्षण होय. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अ‍ॅन्सन व डीली यांनी घोडे आत दडवणारी सुटसुटीत यंत्रणा काढली. तरीही घोड्यांच्या बंदुका पुढे बराच काळ बनत राहिल्या; त्यामुळे केवळ घोड्यांवरून काळ ठरवता येत नाही.

नळ्यांवर कोरलेले नाव अनेकदा निर्मात्याचे नसून विक्रेत्याचे असते. कोलकात्याच्या मँटन किंवा रॉडा या पेढ्यांची नावे असलेल्या बंदुका इंग्लंडमध्ये घडलेल्या असू शकतात. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ अशा नामसाधर्म्याचा लाभ घेणाऱ्या स्वस्त बेल्जियन बंदुकाही पुष्कळ आहेत.

खरा पुरावा नळ्यांच्या बुडाशी सापडतो. नळ्या सुट्या केल्यावर तेथे चाचणीगृहाचे छाप दिसतात. लंडन आणि बर्मिंगहॅम यांचे छाप वेगवेगळे असून लीजचा छाप अंडाकृतीतील ‘ईएलजी’ या अक्षरांचा असतो. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द असल्यास चाचणी १८७५ ते १८८७ या काळातील, असे मानतात. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या निर्मात्यांच्या जुन्या नोंदवह्यांतून अनुक्रमांकावरून वर्ष कळू शकते.

लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या दमास्कस नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. त्यांतील बहुतेक काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. आधुनिक काडतुसाने त्या फुटून बार करणाऱ्याचा हात निकामी होऊ शकतो. आतून गंज खरवडून नळी रुंद झाली असेल, तर जुना छापही भरवशाचा राहत नाही. ब्रिटनमध्ये अशी बंदूक पुन्हा चाचणी न करता विकणे बेकायदा आहे.

मूल्य निर्मात्याचे नाव, नळ्यांची जाडी, मूळ लाकूड आणि कोरीवकाम यांवर ठरते. नव्याने चकचकीत केलेले पोलाद किंवा बदललेला दस्ता किंमत घटवतो. हौशी मालक नेमकी हीच चूक करतात. मूळ पेटी आणि जोडीतील दुसरी बंदूक सोबत असल्यास किंमत वाढते.

भारतात वापरण्याजोगी जुनी बंदूकही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, अशाच पुरातन शस्त्रास सूट आहे.