मेणात टिकलेली ओळख

मेंदूतली गाठ कुठल्या जातीची, हे कवटी न उघडता कळतं? पुष्कळदा बरंच कळतं! मेनिंजिओमा मेंदूच्या वेष्टणातून वाढते, मेंदूला बाजूला सारते आणि एमआरआयवर वेष्टणालगत बारीक शेपूट दाखवते. ग्लिओब्लास्टोमा मेंदूतच मुरत जाते. पियुषिका ग्रंथीची गाठ वर वाढली, की दृष्टीच्या नसा एकमेकींना ओलांडतात नेमकी तीच जागा दाबते. मग समोरचं स्पष्ट दिसतं, पण बाजूने येणारी एसटी दिसत नाही!

मला सर्वांत थक्क करते ती मात्र मुलांमधली मेड्युलोब्लास्टोमा. मूल सकाळी उठल्याउठल्या ओकतं, चालताना झोकांड्या खातं. यवतमाळच काय, कुठल्याही घरात आधी पोटाचंच औषध सुरू होईल. गाठ असते डोक्याच्या मागच्या बाजूला, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत. ती मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. रात्रभर आडवं राहिल्यावर कवटीतला दाब आणखी वाढतो, म्हणून उलटी सकाळची.

गाठ काढतात, फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. केसाहून कितीतरी पातळ काप रंगवून पाहिला, की दिसते जांभळ्या-निळ्या, बारीक पेशींची दाटी. झालं निदान? नाही! या एका नावाखाली निदान चार वेगळे आजार आहेत. त्यातल्या ‘डब्ल्यूएनटी’ गटातली दहापैकी नऊ मुलं उपचारांनंतर पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. ‘गट तीन’मध्ये चित्र बरंच कठीण असतं. नुसत्या रंगवलेल्या कापावरून हा फरक खात्रीने सांगता येत नाही.

तो लपलेला असतो पेशीतल्या आरएनएमध्ये, आणि आरएनए भलताच नाजूक. फॉर्मॅलिन त्याचे तुकडे करतं. वर विदर्भातला मे महिना आणि कपाटात वर्षानुवर्षं पडलेला ब्लॉक! त्यातून काय वाचणार?

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने इथेच कमाल केली. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू असतात, जेमतेम बावीसेक अक्षरांचे. जुनं लांबलचक पत्र घडीघडीवर फाटतं. तिकिटाएवढी चिठ्ठी अख्खी राहते. तसे हे रेणू मेणातही शाबूत सापडतात. ते आणि काही निवडक जनुकं मोजून चारही गट ओळखणारी चाचणी या गटाने 2013 साली प्रसिद्ध केली. मेणाचा ब्लॉक बर्फाशिवाय साध्या पार्सलने जातो. यवतमाळहून मुंबई साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे, पण एवढ्या तपासणीसाठी मुलाला हलवावं लागत नाही, की पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

आणि डब्ल्यूएनटी गटातली मुलं इतकी चांगली का सावरतात? मेंदूतल्या रक्तवाहिन्या एरवी औषधांना आत शिरू देत नाहीत. या गाठीतून मात्र असे संदेश सुटतात, की तिच्याच रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि केमोथेरपीचं औषध थेट तिच्यात उतरतं!