गादीचा वारस आणि मुलाची वाट

मुरबाडच्या बाजारपेठेत दोन-तीन पिढ्या धान्याचे किंवा कापडाचे दुकान चालविणाऱ्या घरात दहावीचा निकाल लागला, की पेढ्यांबरोबर एक न उच्चारलेला प्रश्नही येतो : पुढे गादीवर कोण बसणार? वडिलांचे वय उतरणीला लागलेले असते, धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हायचे असते, बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा दरवर्षी नूतनीकरणाला येते. म्हसा यात्रेच्या दिवसांत तर घरातील प्रत्येक हात दुकानात हवा असतो. मुलाला हे सारे ठाऊक असते. म्हणूनच विचारले असता तो म्हणतो, “तुम्ही म्हणाल तसे.” आईवडील याला आज्ञाधारकपणा समजतात. पुष्कळदा ती केवळ काळजी असते.

हा पेच नवा नाही. सोलापूरच्या दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या सावकारी व कापसाच्या व्यापारात आले. परंतु मन तेथे रमेना. पुढे रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले, तर १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना उभा राहिला. ते गादीवरून उठले, पण व्यापार सुटला नाही. त्याचे क्षेत्र बदलले.

म्हणून पहिले पाऊल असे, की मुलासमोर दुकानाचा खरा हिशेब ठेवावा : वर्षाची उलाढाल, निव्वळ नफा, उधारी, कर्ज. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळते. दुकान एका कुटुंबापुरते उत्पन्न देते की दोन, हे आकड्यांनीच ठरू द्यावे.

दुसरे, मधल्या वाटा पाहाव्यात. मुरबाडला रेल्वे नाही. परंतु तालुक्यातच शिवळे येथे महाविद्यालय आहे आणि कल्याण एसटीच्या टप्प्यात आहे. वाणिज्य शाखेच्या मुलास बारावीनंतर सीएची फाउंडेशन परीक्षा देता येते. आता आर्टिकलशिपही दोन वर्षांची झाली आहे. सुटीच्या दिवशी तो दुकानाचे जीएसटीचे काम पाहू शकतो.

तिसरे, पैशासाठी दुकानाचे भांडवल मोडू नये. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सामान्यतः तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. मात्र व्याज त्या काळातही चढत राहते. शिक्षण चालू असताना ते फेडत राहिल्यास पुढचे ओझे हलके होते.

शेवटचे आणि सर्वांत अवघड : मुदत ठरवावी. “तीन वर्षे तू शिक, तोवर दुकान आम्ही सांभाळतो, मग पुन्हा एकत्र बसू,” एवढे वाक्य वडिलांनी उच्चारले, तरी मुलाच्या छातीवरचा दगड उतरतो. मुलगी हुशार असेल, तर गादीचा प्रश्न तिलाही त्याच आदराने विचारावा.

अनेकान्त प्रवचनात ऐकणे सोपे. जेवणाच्या ताटावर, मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेताना, त्याची खरी परीक्षा होते.