जगातील धर्म शिकवणारे पुस्तक निवडताना...

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई आकाराला येऊ लागली. आगरी-कोळी गावांत गावदेवीची देवळे पूर्वीपासून होतीच. वसाहतींबरोबर गुरुद्वारे, चर्च, मशिदी, देरासरे आणि बुद्धविहारही आले. त्यामुळे वाशी, नेरुळ वा बेलापूरच्या महाविद्यालयांत निरनिराळ्या धर्मांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. अशा वर्गासाठी जागतिक धर्मांची ओळख करून देणारे पाठ्यपुस्तक निवडणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. पुस्तकात ज्याचा धर्म त्रोटक किंवा विपर्यस्त मांडला जाईल, तो विद्यार्थी तेथेच समोर बसलेला असतो.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामुळे हा विषयच वर्ज्य असल्याचा समज आढळतो. मात्र कोठारी आयोगाने (१९६४-६६) एखाद्या धर्माची दीक्षा देणारे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद केला होता. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नसल्याचे मान्य केले. साहजिकच पुस्तकाची पहिली अट ठरते : त्याने माहिती द्यावी, प्रचार करू नये आणि टवाळीही करू नये.

वाचनीय आणि परीक्षोपयोगी

या विषयावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे ह्यूस्टन स्मिथ यांचे ‘द रिलिजन्स ऑफ मॅन’ (१९५८). १९९१ मध्ये ते ‘द वर्ल्ड्स रिलिजन्स’ या नावाने सुधारून निघाले. मुळात ते दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांतून घडले असल्याने त्याची भाषा ओघवती आहे. प्रत्येक धर्म त्याच्या अनुयायाला कसा दिसतो, हे स्मिथ आत्मीयतेने सांगतात. मात्र त्यात जैन धर्मावर स्वतंत्र प्रकरण नाही आणि शीख धर्माची बोळवण छोट्या पुरवणीत केली आहे. अमेरिकी वर्गात ही उणीव खपून जाईल. नवी मुंबईत ती पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

याउलट केदारनाथ तिवारी यांचे ‘कम्पॅरेटिव्ह रिलिजन’ भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले आहे. ईश्वर, जग, दुःख, मरणोत्तर जीवन अशा ठरावीक प्रश्नांवर ते प्रत्येक धर्माची भूमिका मांडते. परीक्षेसाठी ही मांडणी सोयीची आहे. परंतु सण, उपास, यात्रा, लग्न आणि मर्तिक यांतून जगला जाणारा धर्म अशा चौकटीत फारसा मावत नाही. ब्रिटिश अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी नेमका याच बाजूवर भर दिला. विधी, कथा, अनुभव, तत्त्वज्ञान, नीती, समाजरचना आणि वास्तू-वस्तू या सात अंगांनी धर्म पाहावा, अशी त्यांची पद्धत होती. कोणतेही पुस्तक यांपैकी किती अंगांना स्पर्श करते, हे अनुक्रमणिका चाळूनही कळू शकते.

स्थानिक कसोटी

दुसरी कसोटी परिसराची. बौद्ध धर्मावरील प्रकरण भारतातील ऱ्हासापाशी थांबते, की १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत येते? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. त्यांच्या मुलांना स्वतःचा धर्म भूतकाळात जमा झालेला वाचायला मिळू नये. यहुदी धर्माचे प्रकरण वाचून विद्यार्थ्याला पनवेलचे बेथ एल सिनेगॉग आणि कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल यांचा संदर्भ लागतो का, हेही पाहावे. पुस्तकात नसेल तर पूरक वाचनाने ही उणीव भरता येते. धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’, साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’, विनोबांचे ‘कुराण-सार’ आणि मराठी विश्वकोशातील नोंदी त्यासाठी हाताशी आहेत.

आधी स्वतःचे प्रकरण

अनुयायांना स्वतःची ओळख पटणार नाही असे विधान त्यांच्या धर्माविषयी ग्राह्य धरू नये, असा निकष विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या अभ्यासकाने १९५९ साली मांडला होता. निवड करणाऱ्या प्राध्यापकाने तो स्वतःपासून लावावा. आपल्या धर्माचे प्रकरण आधी वाचावे. तेथे ढोबळ विधाने आणि चुका चटकन लक्षात येतात. ज्या लेखकाने तेथे घाई केली, त्याने इतरत्रही केलेली असण्याचा संभव असतो. फक्त ती आपल्याला ओळखता येत नाही. म्हणून शक्य तेथे प्रत्येक प्रकरण त्या धर्माच्या जाणकाराला दाखवावे आणि मगच यादीत नाव घालावे.

महात्मा फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) या ग्रंथात एका कुटुंबाची कल्पना आहे. त्यातील पत्नी, पती, मुलगी आणि मुलगा वेगवेगळे धर्मग्रंथ वाचून वेगवेगळा धर्म स्वीकारतात, तरीही एकाच घरात प्रेमाने नांदतात. एकमेकांचे धर्म वाचून समजून घेणाऱ्या वर्गाकडूनही तीच अपेक्षा असते. त्यासाठी पुस्तक रंजक हवेच. पण वर्गातील प्रत्येकाला ते आपल्याशी प्रामाणिक वाटले पाहिजे.