न्यायालयीन लघुलेखक (महाराष्ट्र)

न्यायालयीन लघुलेखक हा न्यायाधीशांनी तोंडी सांगितलेला मजकूर लघुलिपीत उतरवून त्याची टंकलिखित प्रत तयार करणारा न्यायालयीन कर्मचारी होय. व्यवहारात त्यास ‘स्टेनो’ म्हणतात. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी वेगळा परवाना, सनद किंवा नोंदणी नाही. त्याच न्यायालयाच्या आवारातील वकिलास वकील अधिनियम, १९६१ नुसार सनद, नोटरीस नोटरी अधिनियम, १९५२ नुसार प्रमाणपत्र आणि मुद्रांक विक्रेत्यास परवाना घ्यावा लागतो. लघुलेखकाची पात्रता मात्र शासकीय परीक्षेतील वेग आणि भरतीची चाचणी यांवरून ठरते. त्याने तयार केलेल्या अभिलेखाच्या अचूकतेची जबाबदारी कायद्याने न्यायाधीशांवर टाकली आहे. ज्या तालुक्यांत साक्षीदाराची बोली आणि न्यायालयाची भाषा एक नसते, तेथे या व्यवस्थेची मर्यादा जाणवते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर हा असा एक तालुका आहे.

पात्रता आणि परीक्षा

मराठी व इंग्रजी लघुलेखनाची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिची तयारी शासनमान्य टंकलेखन संस्थांतून केली जाते. परीक्षार्थीस ठरावीक वेगाने वाचलेला उतारा लघुलिपीत घेऊन नंतर तो पूर्ण शब्दांत लिहून द्यावा लागतो. वेग मिनिटाला किती शब्द या मापाने मोजला जातो.

जिल्हा व तालुका न्यायालयांतील लघुलेखकांची तीन श्रेणींत विभागणी आहे. सर्वसाधारणपणे श्रेणी ३ चा लघुलेखक कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे, श्रेणी २ चा वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे आणि श्रेणी १ चा जिल्हा न्यायाधीशांकडे असतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी ५,७९३ पदांची जाहिरात काढली. त्यांपैकी ७१४ पदे लघुलेखक (श्रेणी ३) या संवर्गाची होती. २०१८ च्या भरतीत ही संख्या १,०१३ होती. या पदासाठी पदवीबरोबर इंग्रजी लघुलेखनाचा १०० आणि मराठी लघुलेखनाचा ८० शब्दांचा वेग अपेक्षित असतो. टंकलेखनासाठी इंग्रजीत ४० आणि मराठीत ३० शब्दांची अट असते.

दोन्ही भाषांची अट आवश्यक आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहिता यांखाली २१ जुलै १९९८ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार उच्च न्यायालयास दुय्यम असलेल्या न्यायालयांची भाषा, काही अपवाद वगळता, मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते.

वेगाची तुलना

अमेरिकेतील राष्ट्रीय न्यायालयीन वृत्तलेखक संघटनेच्या पायाभूत प्रमाणपत्रासाठी प्रश्नोत्तररूप साक्ष मिनिटाला २२५ शब्दांच्या वेगाने आणि किमान ९५ टक्के अचूकतेने घ्यावी लागते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत परवान्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. त्यापुढे महाराष्ट्रातील ८० किंवा १०० शब्द तोकडे वाटतात. पण ही तुलना सरळ करता येत नाही. अमेरिकी वृत्तलेखक प्रश्न, उत्तर, हरकत, मधला ‘अं’ असे सारेच जसेच्या तसे यंत्रावर टिपतो. भारतात सत्र खटल्यातील साक्ष सामान्यतः निवेदनरूपात नोंदवावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३११ सांगते. महत्त्वाचा भाग प्रश्नोत्तररूपात घेण्याची मुभा न्यायाधीशांना असते. त्यामुळे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे म्हणणे सलग वाक्यात सांगतात आणि लघुलेखक न्यायाधीशांचे वाक्य लिहितो. अनेक न्यायालयांत ही नोंद लघुलिपीत न होता थेट संगणकावर होते. लघुलिपीचा मुख्य उपयोग आदेश आणि निकालपत्रांसाठी उरला आहे. खुल्या न्यायालयात सांगितलेला फौजदारी न्यायनिर्णय लघुलिपीत उतरवून घ्यावा आणि त्याच्या प्रतीच्या प्रत्येक पानावर न्यायाधीशांनी सही करावी, अशी तरतूद संहितेच्या कलम ३९२ मध्ये आहे.

याचा परिणाम असा की मूळ उच्चार आणि अभिलेख यांमध्ये न्यायाधीशांची स्मृती व भाषांतर येते. परीक्षा या टप्प्याला स्पर्श करत नाही. ती केवळ ऐकलेला प्रमाण उतारा किती वेगाने उतरला एवढेच तपासते.

शिरपूर तालुक्यातील भाषिक परिस्थिती

शिरपूर येथील दिवाणी व फौजदारी न्यायालय धुळे जिल्हा व सत्र न्यायालयाच्या अधिपत्याखाली येते. धुळे जिल्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ सक्षम आहे. तापी खोऱ्यातील गावांत अहिराणी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिल्ली बोली बोलल्या जातात. मुंबई–आग्रा महामार्गाने सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून येणारे साक्षीदार हिंदी बोलतात. राज्याच्या दुसऱ्या भागातून बदलून आलेल्या न्यायाधीशांस किंवा लघुलेखकास यांपैकी एखादी बोली समजतेच असे नाही.

अहिराणीत मुलग्यास ‘आंडोर’ आणि मुलीस ‘आंडेर’ म्हणतात. दोन शब्दांत फरक एका स्वराचा आहे. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत व्यंजनांसाठी रेषा असतात आणि स्वर ठिपके व छोट्या रेघांनी नंतर दाखवले जातात. वेगात ही स्वरचिन्हे गाळली जातात. पहिल्या स्वराची खूण शब्द ओळीच्या वर, ओळीवर की ओळ छेदून लिहिला आहे यावरून मिळू शकते. पण येथे पहिला स्वर दोन्हीकडे ‘आ’च असल्याने तीही उपयोगी पडत नाही. वारसाहक्काच्या दाव्यात किंवा अल्पवयीन व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्यात या दोन शब्दांची अदलाबदल किरकोळ म्हणता येणार नाही. प्रमाण मराठीतही ‘मारला’, ‘मारली’, ‘मारले’ यांत फरक केवळ अंत्य स्वराचा आहे. तेथे अनुभवी लघुलेखक संदर्भावरून योग्य रूप ओळखतो. अनोळखी बोलीत संदर्भाचा हा आधार दुबळा होतो.

कायद्यातील संरक्षण

साक्षीदार न्यायालयाच्या भाषेव्यतिरिक्त अन्य भाषेत बोलत असेल, तर शक्य असल्यास साक्ष त्याच भाषेत घ्यावी आणि शक्य नसल्यास तपासणी चालू असतानाच तिचे खरे भाषांतर तयार करावे, असे कलम ३१२ सांगते. कलम ३१३ नुसार पूर्ण झालेली साक्ष आरोपी किंवा त्याच्या वकिलाच्या उपस्थितीत साक्षीदारास वाचून दाखवावी लागते. साक्षीदाराने एखादा भाग चुकीचा असल्याचे सांगितले, तर न्यायाधीश तो दुरुस्त करू शकतात किंवा त्याची हरकत टिपून ठेवू शकतात. नोंद साक्षीदाराच्या भाषेहून वेगळ्या भाषेत असेल आणि ती त्यास समजत नसेल, तर त्याला समजेल अशा भाषेत अर्थ सांगणे बंधनकारक आहे. दुभाषाने खरा अर्थ सांगण्याचे बंधन कलम ३१७ घालते. ही कलमे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही आशयाने हेच नियम होते.

वाचून दाखवण्याचा हा टप्पा साक्षीदारासाठी सर्वांत मोलाचा आहे, कारण अपिलात वरचे न्यायालय साक्षीदारास पाहत नाही. त्याच्यासमोर असतो तो केवळ निशाणी क्रमांक घातलेला कागद.

भाषांतरावरून वाद झाल्याचे मोठे उदाहरण १९०८ चा लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला होय. ‘केसरी’तील मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे मूळ अर्थ बिघडवतात, असा टिळकांचा एक मुद्दा होता आणि विशेष ज्यूरीतील नऊपैकी सात युरोपीय होते. त्या खटल्याचा शब्दशः वृत्तान्त न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. न्यायालयातील इंग्रजी युक्तिवाद त्यामुळे आजही जवळजवळ पूर्ण उपलब्ध आहे.

आचारसंहिता

लघुलेखकांची स्वतंत्र व्यावसायिक आचारसंहिता नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार दुय्यम न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते, आणि शिस्तविषयक बाबी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ व त्याच वर्षीचे शिस्त व अपील नियम यांनुसार चालतात. निकालपत्र जाहीर होण्यापूर्वी त्याचा मजकूर लघुलेखकास ठाऊक असतो, त्यामुळे गोपनीयता हे त्याचे पहिले कर्तव्य मानले जाते. कोणास इजा व्हावी या हेतूने लोकसेवकाने चुकीचा दस्तऐवज तयार करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणाने झालेली चूक मात्र त्यात बसत नाही, ती खातेनिहाय चौकशीचाच विषय राहते. परवाना नसल्याने तो रद्द होण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

ध्वनिमुद्रण आणि स्वयंचलित लेखन

साक्षीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची परवानगी कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयात यंत्राद्वारे थेट लेखनाचा प्रयोग २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत प्रथम झाला. ती सुनावणी इंग्रजीत होती. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून कनिष्ठ न्यायालयांत साक्ष नोंदवण्यासाठी अशा प्रणालीचा वापर अनिवार्य केला आहे. अहिराणी, पावरी किंवा भिल्लीसारख्या बोलींत ध्वनिमुद्रणाचा लाभ यंत्राने लिहिण्यापेक्षा वेगळ्या कारणाने आहे: नोंदीवर वाद झाल्यास साक्षीदाराचा मूळ शब्द पुन्हा ऐकता येतो. लघुलेखकाच्या वहीतून तो परत मिळत नाही, कारण बहुतेक वेळा तो तिच्यात लिहिलाच गेलेला नसतो.