घरी ट्रेडमिल घेताना : एक व्यापारी दृष्टी

व्यापारी मनुष्याचा सारा दिवस गादीवर किंवा काउंटरमागे जातो. पूर्वी माल पाहावयास, भाव घ्यावयास आणि उधारी वसूल करावयास पायी हिंडावे लागे. आता ही कामे बसल्या जागी मोबाईलवर होतात. परिणामी रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार हे पाहुणे आपल्या घरांत कायमच्या मुक्कामास आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ मनुष्यास आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालले तरी त्यातील किमान हप्ता फिटतो.

मग रस्ता असताना यंत्र कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर आमच्या तुये गावी जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊसच देतो. या दिवसांत वाटेच्या कडेस गवत, शेवाळ आणि सूक्ष्म जीवांची दाटी होते. आपले साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात, तो याच जीवदयेस्तव. शिवाय जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यावर पेडणे तालुक्यात वाहनांची वर्दळ वाढली आहे. अशा स्थितीत घरातच चालण्याची सोय करणे ही केवळ चैन म्हणता येणार नाही.

या यंत्राचा पूर्वेतिहास आम्हां धान्यव्यापाऱ्यांस मौजेचा वाटेल. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांकडून पायांनी फिरवून घेण्याचे चाक योजिले. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळले जाई. नावातील ‘मिल’ हा शब्द त्याचीच खूण होय. पुढे १९५२ साली अमेरिकेत रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी हृदयाच्या तपासणीसाठी विजेवर चालणारा पट्टा वापरात आणला. जे एके काळी शिक्षेचे साधन होते, ते आज आरोग्याचे साधन झाले आहे.

आता निवडीकडे वळू. ‘कमर्शियल’ म्हणजे व्यायामशाळेच्या प्रतीचे यंत्र घरी घ्यावे काय? एक-दोन माणसे रोज अर्धा तास चालणार असतील, तर त्याची गरज नाही. घरगुती प्रतीचे चांगले यंत्र पुरते. परंतु एकत्र कुटुंबात सात माणसे अर्धा अर्धा तास वापरणार असतील, तर यंत्र रोज साडेतीन तास चालणार. तेथे, किंवा घरात कोणी शंभर किलोच्या वर वजनाचे असेल अथवा तरुण मुले धावणार असतील तेथे, भारी यंत्राचा खर्च सार्थकी लागतो.

पहिली पारख मोटारीची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘पीक’ अश्वशक्ती छापलेली असते. चढावर क्षणभर जोर लावणारा बैल आणि दिवसभर गाडी ओढणारा बैल यांत जो फरक, तोच ‘पीक’ आणि ‘कंटिन्युअस’ यांत आहे. सतत मिळणारी शक्ती किती, हेच विचारावे. भारी यंत्रास ती तीन अश्वशक्ती किंवा अधिक असावी. तीन अश्वशक्ती म्हणजे सुमारे २२४० वॉट. त्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, उत्तम अर्थिंग आणि विक्रेता सांगेल तो स्टॅबिलायझर हवा. दुकानातील साध्या बोर्डावरून ताणलेली वायर येथे कामाची नाही.

दुसरी पारख पट्ट्याची. धावणाऱ्यासाठी तो सुमारे २० ते २२ इंच रुंद आणि ६० इंच लांब असावा. पट्ट्याखालील फळी जाड व रोलर मोठ्या व्यासाचे असले, म्हणजे पट्टा कमी झिजतो. यंत्राचे वजन शंभर किलोच्या वर जाते. म्हणून जिना, दरवाजा आणि मजल्याची ताकद आधी पाहून ठेवावी. पडल्यास इजा होऊ नये म्हणून मागील बाजूस साडेसहा फूट जागा मोकळी सोडावी.

धान्याच्या बाजारात वानगी हातात घेतल्यावाचून आपण सौदा करीत नाही. येथेही तोच नियम पाळावा. घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीस दुकानात वीस मिनिटे सावकाश चालवावे. कमी वेगात जड भार ओढतानाच मोटारीची खरी कसोटी लागते. पट्टा अडखळला किंवा जळका वास आला, तर तो माल परत ठेवावा.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. कारागीर म्हापशाहून येणार की मुंबईहून, सुटे भाग किती दिवसांत मिळणार आणि हमी कशाकशावर आहे, हे बिलावर लिहून घ्यावे. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड गंजते आणि आतील इलेक्ट्रॉनिक पाटी बिघडते. म्हणून पावसाळ्यात खोली कोरडी राखावी. वंगण लागत असेल तर कंपनीने सांगितलेले सिलिकॉनच वापरावे. खोबरेल तेल पट्ट्यास लावू नये.

वापरात यतना हवी. सुरू करण्यापूर्वी पट्टा व त्याखालची जागा हलक्या हाताने झाडावी, म्हणजे आश्रयास आलेला जीव चिरडला जाणार नाही. सुरक्षेची दोरी कपड्यास अडकवावी, काम होताच किल्ली काढून ठेवावी आणि लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये. उपवासाच्या दिवशी वेगाने चालू नये. पन्नाशी ओलांडलेल्यांनी व हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटी परिग्रह-परिमाणाची आठवण देणे उचित वाटते. यंत्र घरात आले आणि महिन्याभरात त्यावर कपडे वाळू लागले, तर तो निव्वळ परिग्रह झाला. म्हणून आधी महिनाभर घराच्या ओसरीवर किंवा गच्चीवर नेमाने अर्धा तास चालून पाहावे. नेम टिकला, तरच पैसे मोजावे. एका इमारतीतील तीन-चार कुटुंबांनी मिळून एक उत्तम यंत्र घेतले, तर खर्च विभागेल आणि एकमेकांच्या धाकाने नेमही टिकेल. भांडवल राखण्याची विद्या आपल्यास वडिलार्जित लाभली आहे. देह हे त्यातील पहिले भांडवल होय, याचा विसर पडू नये.