दोन पोलादांचा एक व्हॉल्व्ह

गॅरेजमध्ये काढून टाकलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिळाला तर त्याला लोहचुंबक लावून बघा. पुष्कळदा गंमत दिसते. दांड्याला चुंबक चटकन चिकटतो, डोक्याला मात्र चिकटत नाही. म्हणजे हा तुकडा दोन पोलादांचा असतो. एक भाग गरगर फिरवत दुसऱ्यावर दाबायचा, घर्षणानेच दोन्ही तापून एकजीव होतात. वरून ग्राइंडिंग केलं की सांधा दिसतही नाही.

एवढा खटाटोप का? कारण डोकं जळत्या वायूत ७००-८०० अंश सेल्सिअसला तापतं आणि मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात सेकंदाला ५० वेळा सीटवर आपटतं. तिथे लागतं ‘२१-४ एन’सारखं पोलाद: २१ टक्के क्रोमियम, सुमारे ४ टक्के निकेल, ९ टक्के मँगेनीज, शिवाय थोडा नायट्रोजन. लालभडक झालं तरी ते ताकद सोडत नाही. पण ते उष्णता नीट वाहून नेत नाही, फुगतं जास्त, आणि पाणी देऊन त्याचं टोक कडक करता येत नाही. दांड्याला तर नेमकं याच्या उलट हवं असतं. म्हणून तिथे सिलिकॉन-क्रोमियमचं पोलाद. ताज्या हवेने थंड राहणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हचं काम बहुधा एवढ्यावरच भागतं.

थंड तुकड्याचा कडकपणा मोजून डोक्याची पारख होत नाही. तो तापलेला असतानाच मोजायला हवा. तप्त अवस्थेत ताण देऊन पोलाद किती लांबतं, किती हेलकाव्यांनी तुटतं, हेही बघतात. शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळात आणखी एक जालीम परीक्षा होती: नमुना वितळलेल्या लेड ऑक्साइडमध्ये ठेवायचा आणि वजन किती घटलं ते बघायचं. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झालं. शिसं पोलाद खायचं, पण त्याचाच पातळ थर सीटला झीज होण्यापासून वाचवायचाही! शिसं गेलं, तो थरही गेला. सीएनजीही तसं कोरडंच इंधन. म्हणून आता व्हॉल्व्हच्या बसत्या कडेवर कोबाल्टयुक्त स्टेलाइटचा थर देतात. माझ्या मते प्रयोगशाळेचा दाखला अर्धाच. टेस्ट बेडवर शेकडो तास चाललेल्या इंजिनातला व्हॉल्व्ह कापून बघितल्याशिवाय पोलाद पास म्हणू नये.

सीएनजी रिक्षावाल्यांना एक सांगणं. सीट झिजली की व्हॉल्व्ह आत बसतो, टॅपेटचा गॅप कमी होतो आणि आवाजही. त्यावर खूश होऊ नका. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, सीटमधून निघून जाणारी उष्णता डोक्यातच अडकते आणि उत्तम पोलादही जळतं. गॅप वेळच्या वेळी तपासून घ्या.