काँक्रीटला रविवार नसतो

सकाळी ८.४०. चाकण चौकाने आजही पंचवीस मिनिटं खाल्ली. साइटवरच्या कंटेनरमधल्या ऑफिसात शिरण्याआधी प्रेस मशीनसाठी बांधलेल्या पायावर नजर टाकली. शेवटचं काँक्रीट सोमवारी पडलंय, ठरल्या दिवशी. वर गोणपाट, बाजूला पाइप घेतलेला माणूस.

९.१५. गुरुवार म्हणजे अपडेटचा दिवस. प्रिमाव्हेरा या शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचे तीन प्रोजेक्ट आहेत: सिव्हिल, शेड आणि मशिनरी. प्रत्येकाचा प्लॅनर वेगळा, धागे मात्र एकमेकांत अडकलेले. त्यातला सगळ्यात नाजूक धागा हा: सिव्हिलमधला पाया संपला की २८ दिवसांच्या लॅगने मशिनरीत प्रेस उभी करायला सुरुवात. क्यूबची ताकद २८व्या दिवशी तपासतात. तो रिपोर्ट हातात पडल्याशिवाय प्रेसवाले वजन ठेवू देत नाहीत.

९.४०. प्रगती भरली, शेड्यूल नव्याने मोजायला एफ-नाइन दाबलं. प्रेस सोमवारची शुक्रवारवर गेली. फ्लोट उणे चार.

आता पाया वेळेवर झालेला, लिंक जागच्या जागी, लॅगही २८च. मग हे चार दिवस आले कुठून? सव्वा तास मी मागच्या-पुढच्या कामांच्या साखळ्या उसवत बसलो. आणि दोष सापडला तो कामांत नव्हताच, शेड्यूलिंगच्या पर्यायांत होता. अनेक प्रोजेक्ट एकत्र उघडून शेड्यूल केले, की जो डिफॉल्ट असेल त्याचे नियम सगळ्यांना लागतात. रोज मशिनरी डिफॉल्ट असतो. त्यात लॅग सातही दिवसांच्या कॅलेंडरवर मोजला जातो. आज तिथे सिव्हिल होता, आणि त्यात लॅग आधीच्या कामाच्या कॅलेंडरवर, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यावर. मधले चार रविवार गळले, २८चे ३२ झाले. काँक्रीट रविवारी सुट्टी घेत नाही, हे सॉफ्टवेअरला कुणी सांगायचं? मीच. काल निघायच्या घाईत डिफॉल्ट मीच बदलला होता.

११.०५. पर्याय पूर्ववत केले, पुन्हा एफ-नाइन. सोमवार परत आला. तेवढ्यात मशिनरीच्या प्लॅनर मॅडमचा फोन.

"सर, शुक्रवार दिसतोय. क्रेनवाल्याला कळवू का? सोमवारचं बुकिंग आहे."

"अहो, थांबा! रिफ्रेश करा आधी."

"केलं... आला सोमवार. सर, मी मेल लिहूनच ठेवला होता."

डेटाबेस एकच असल्याचं सुख हे, आणि दुःखही हेच. माझी चूक तिच्या स्क्रीनवर पोचायला कुणाची सही लागत नाही.

दुपार बिलिंगच्या मीटिंगमध्ये गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

४.१५. सल्लागारांना फक्त मशिनरीची एक्सईआर फाइल हवी होती. एकटा प्रोजेक्ट बाहेर गेला की सिव्हिलशी असलेल्या लिंक तुटतात आणि त्यांच्या जागी नुसत्या एक्स्टर्नल तारखा उरतात. इथे पाया दहा दिवस लांबला तरी तिकडची प्रेस आपल्या जुन्या तारखेला खिळून राहणार. म्हणून 'एक्स्टर्नल अर्ली स्टार्ट'चा कॉलम उघडा ठेवून प्रिंट काढला आणि त्या तारखांभोवती लाल पेनाने गोल केले.

५.५०. निघताना पुन्हा पायाकडे गेलो. काँक्रीटचा आज तिसराच दिवस. आयएस ४५६ किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातलं गोणपाट हाताला कोरडं लागलं, पाइप जमिनीवर लोळत होता. चहाच्या टपरीकडे तोंड करून हाक मारली.